कुरूप, चामखीळ की कर्करोग? घामग्रंथींच्या दुर्मीळ कर्करोगांच्या निदानाचा आढावा

तळपायावर असला तर त्याला कुरूप म्हणतात, बोटावर असला तर चामखीळ, पापणीवर रांजणवाडी, जांघेत नायटा आणि डोक्यावर चरबीची गाठ. घामग्रंथींच्या कर्करोगाला लोकांच्या बोलीत स्वतःचे नाव नाही. तो कायम दुसऱ्याच्या नावावर वावरतो आणि म्हणूनच उशिरा सापडतो.

हा आजार अतिशय दुर्मीळ आहे. त्याच्या जातींपैकी त्यातल्या त्यात अधिक दिसणारी जात म्हणजे पोरोकार्सिनोमा. वैद्यकीय ग्रंथांत तिचे प्रमाण त्वचेच्या एकूण गाठींमध्ये दहा हजारांत एखादी असे सांगितले जाते. मग यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या वाचकाने त्याची चर्चा का करावी? कारण हा आजार निदानाच्या सगळ्या साखळीची परीक्षा घेतो. गावातल्या दवाखान्यापासून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपर्यंत एक कडी जरी ढिली असली तरी तो निसटतो. ज्या साखळीत हा दुर्मीळ कर्करोग सापडतो, तिच्यात नेहमीचे कर्करोगही वेळेवर सापडतात.

ग्रंथी दोन, गाठी अनेक

माणसाच्या अंगावर सुमारे २० ते ४० लाख घामग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेक एक्राइन जातीच्या. त्या पाण्यासारखा घाम सोडतात आणि अंग थंड ठेवतात. तळहात आणि तळपायांवर त्यांची सर्वांत दाटी असते. दुसरी जात अपोक्राइन. ती काखेत, जांघेत, स्तनाग्राभोवती, कानाच्या नळीत आणि पापणीच्या कडेला असते. घामग्रंथीची रचना एखाद्या नळासारखी असते. त्वचेत खोलवर स्राव तयार करणारे वेटोळे, तिथून वर जाणारी नळी आणि पृष्ठभागावर उघडणारे तोंड. यांपैकी कोणत्याही भागातल्या पेशींसारखी गाठ तयार होऊ शकते. बहुतेक गाठी साध्या असतात, थोड्या घातक. अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक घातक गाठीला तिच्यासारखी दिसणारी एक साधी बहीण असते.

या गाठींची ओळखही तशी अलीकडचीच. पोरोमा ही नळीच्या वरच्या भागातली साधी गाठ १९५६ मध्ये वर्णिली गेली. तिचे घातक रूप हर्मन पिंकस आणि अमीर मेहरेगान यांनी १९६३ मध्ये मांडले आणि पोरोकार्सिनोमा हे नाव १९६९ मध्ये रूढ झाले. चेहऱ्यावर, विशेषतः वरच्या ओठावर येणारा मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा तर १९८२ पर्यंत वेगळा आजार म्हणून कोणाला माहीतच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात या गाठींची यादी अनेक पानांची आहे. ज्या आजाराचे नाव पाठ्यपुस्तकात इतक्या उशिरा आले, तो तालुक्याच्या डॉक्टरला पाहताक्षणी ओळखता यावा ही अपेक्षा चूक आहे. त्याला संशय यावा, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

डोळ्यांची फसगत

संशय कुठे यायला हवा, हे शरीराच्या जागांप्रमाणे पाहणे सोयीचे.

पायापासून सुरुवात करू. पोरोकार्सिनोमा बहुधा साठीच्या पुढच्या माणसांत होतो आणि पाय ही त्याची आवडती जागा आहे. अनेकदा तो वर्षानुवर्षे असलेल्या पोरोमातून उठतो. लालसर, ओलसर, चटकन रक्त येणारी गाठ. यवतमाळच्या काळ्या शिवारात अनवाणी किंवा साध्या चपलेवर राबणाऱ्या माणसाच्या पायाला पऱ्हाटीचे धसकट रुतणे नवे नाही. त्यामुळे पायावरच्या गाठीचा दोष आपोआप जुन्या जखमेवर जातो. त्या जागी खऱ्याखुऱ्या इतर शक्यताही असतात: कुरूप, विषाणूचा चामखीळ, जखमेवर वाढणारे लाल मांस, बुरशीमुळे होणारा मदुरा पाय. पोरोकार्सिनोमा काळपट असला तर तो मेलॅनोमासारखा दिसतो, आणि भारतीयांत मेलॅनोमा अनेकदा तळपायावरच येतो.

विदर्भात आणखी एक पदर आहे कुष्ठरोगाचा. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही नावे या भूमीच्या इतिहासात उगाच आलेली नाहीत. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना जाते, तसा घामही बंद होतो. ते निदानाचे एक लक्षणच आहे. बधिर पायाच्या जुन्या व्रणावर फुलकोबीसारखी वाढ दिसली तर ती बहुधा स्क्वेमस कर्करोगाची असते, काही वेळा त्वचेची नुसती साधी वाढ असते आणि क्वचित आणखी काही. पाहून यांतला फरक करता येत नाही. तुकडा काढावाच लागतो.

बोटांवर डिजिटल पॅपिलरी अ‍ॅडिनोकार्सिनोमा येतो. प्रौढ पुरुषाच्या बोटाच्या टोकाशी दुखत नसलेली मऊ गाठ असते. गँगलियन किंवा पाण्याची गाठ म्हणून ती फोडली जाते, पुन्हा येते, पुन्हा फोडली जाते. २००० सालापूर्वी तिचे साधा आणि घातक असे दोन प्रकार मानले जात. पण साध्या म्हटलेल्या गाठीही फुप्फुसात पसरल्याचे दिसल्यावर सगळ्याच घातक धराव्यात असे ठरले. एकाच जागी पुन्हा उगवणाऱ्या गाठीला साधी म्हणू नये, हा धडा या आजाराने शिकवला.

पापणीवर घामग्रंथींचे म्यूसिनस कर्करोग येतात आणि रांजणवाडीचा आभास देतात. पापणीच्या मेदग्रंथीचा कर्करोगही हेच सोंग घेतो. तो या लेखाच्या विषयाबाहेरचा असला तरी भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच मोठा आहे. म्हणून नियम सोपा ठेवावा: उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारी रांजणवाडी कापली तर ती तपासणीला गेलीच पाहिजे.

डोक्यावर अनेक गुळगुळीत गाठी असतील आणि घरातल्या इतरांनाही तशाच असतील, तर तो आनुवंशिक सिलिंड्रोमा असू शकतो. त्यामागचे जनुक २००० मध्ये सापडले. या गाठी वर्षानुवर्षे निरुपद्रवी असतात. एखादी अचानक वाढू लागली, फुटली किंवा दुखू लागली तर तिच्यात घातक बदल झाल्याची शंका घ्यावी. दीर्घकाळ शांत असलेल्या गाठीने एकाएकी स्वभाव बदलणे हे सगळ्या घामग्रंथींच्या गाठींत धोक्याचे लक्षण आहे.

सर्वांत कठीण फसगत जांघेत आणि गुप्तांगाजवळ होते. एक्स्ट्रामॅमरी पॅजेट हा आजार लालसर, खाजणारा, कडा स्पष्ट असलेला चट्टा म्हणून येतो. जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्राच्या आजाराचे वर्णन केले आणि १८८९ मध्ये रॅडक्लिफ क्रॉकर यांनी तसाच आजार अंडकोशाच्या त्वचेवर दाखवला. नायटा समजून त्यावर वर्षानुवर्षे मलम लावले जाते. आपल्याकडे नायट्याची साथ गेल्या दशकात विलक्षण पसरली आहे आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तिचे रूपच बदलले आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही स्वतःच्या मनाने ट्यूब आणण्याची सवय गेलेली नाही. स्टेरॉइडने खाज कमी होते, लाली फिकी पडते आणि आतला आजार पुढे सरकत राहतो. योग्य औषध नीट घेऊनही महिना-दोन महिन्यांत न हटणाऱ्या अशा चट्ट्याचा तुकडा तपासायला हवा. यात लाज आड येते, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. आशाताई आणि परिचारिकांनी हा विषय मोकळेपणी काढला, तर त्याचा खरा उपयोग होईल.

सूक्ष्मदर्शकाखालची फसगत

तुकडा प्रयोगशाळेत पोचला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पोरोकार्सिनोमा स्क्वेमस कर्करोगासारखा दिसू शकतो. दोघांत फरक करायचा तर पेशींच्या गर्दीत घामाच्या बारीक नळ्या शोधाव्या लागतात, आणि त्या एखाद्याच कोपऱ्यात असतात. लहान तुकड्यात तो कोपरा आलाच नाही तर अहवाल चुकतो, आणि त्यात पॅथॉलॉजिस्टचा दोष नसतो.

मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमाची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याचा वरचा थर सिरिंगोमा या साध्या गाठीसारखा असतो. पेशी शांत, नळ्या नीटनेटक्या. खाली मात्र तो स्नायूत आणि मज्जातंतूभोवती शिरलेला असतो. वरवर खरवडून घेतलेल्या तुकड्यात फक्त शांत थर येतो आणि अहवालात "साधी गाठ" असे लिहिले जाते. रुग्ण घरी जातो आणि काही वर्षांनी ओठ बधिर झाला म्हणून परत येतो. या गाठीचे निदान पेशींच्या चेहऱ्यावरून होत नाही, ती किती खोल गेली यावरून होते. म्हणून बायोप्सी त्वचेखालच्या चरबीपर्यंत खोल असली पाहिजे.

सुईने पेशी काढून करायची तपासणी स्वस्त आणि जलद असते. काखेतली किंवा जांघेतली लसिकाग्रंथी तपासायला ती उत्तम. पण घामग्रंथीच्या गाठीत पेशींची मांडणी पाहावी लागते आणि सुईत मांडणी येत नाही. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती खेड्यापाड्यांत अजून ऐकू येते. तिच्यापायी तपासणी टाळल्याने होणारे नुकसान फार मोठे आहे. नीट केलेल्या बायोप्सीच्या धोक्याशी त्याची तुलनाच होत नाही.

रंगांचे पुरावे

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाने निदान ठरत नाही तेव्हा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही तपासणी मदतीला येते. पेशीतले ठरावीक प्रथिन प्रतिपिंडाच्या साहाय्याने रंगवून पाहायचे, हे तिचे तत्त्व. ईएमए आणि सीईए हे रंग लपलेल्या घामनळ्या दाखवतात. बीईआर-ईपी४ बेसल सेल कर्करोग ओळखायला मदत करतो. एस-१०० आणि एसओएक्स-१० मेलॅनोमाकडे बोट दाखवतात, पण काही घामग्रंथींच्या गाठीही ते रंग घेतात. त्यामुळे एका रंगावर निकाल देता येत नाही. चार-सहा रंगांचा संच वापरावा लागतो आणि तोही रुग्णाच्या माहितीसह वाचावा लागतो.

गेल्या काही वर्षांत जनुकांचे पुरावेही आले. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की पोरोमा आणि पोरोकार्सिनोमाच्या मोठ्या गटात वायएपी-१ हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडले जाते. त्यातल्या एका जोडीमुळे तयार होणारे एनयूटी प्रथिन साध्या रंगतपासणीत दिसते. म्हणजे जनुकाची महागडी चाचणी न करताही काही रुग्णांत पक्के उत्तर मिळू शकते. जिल्हा पातळीवर हे सगळे रंग ठेवण्याची गरज नाही. ते कुठे होतात आणि नमुना तिथे कसा पाठवायचा, हे ठाऊक असले की पुरे.

इथली की बाहेरून आलेली?

या विषयातला सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. त्वचेत ग्रंथींची रचना असलेला कर्करोग दिसला तर तो तिथेच जन्मलेला आहे की स्तन, फुप्फुस, आतडे किंवा मूत्रपिंडातून येऊन रुजलेला आहे? स्तन ही मुळात बदललेली अपोक्राइन ग्रंथीच असल्याने काखेतला अपोक्राइन कर्करोग आणि स्तनाचा काखेत पसरलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्या भावंडांसारखे दिसतात. गाटा-३ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर हे रंग दोघांतही उमटू शकतात. हिड्राडेनोकार्सिनोमा या घामग्रंथीच्या कर्करोगाच्या फिक्या पेशी मूत्रपिंडाच्या कर्करोगासारख्या दिसतात. त्वचेचा म्यूसिनस कर्करोग आतड्याच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचा भास देतो.

पी-६३ आणि डी२-४० हे रंग इथे कामाला येतात. त्वचेतच जन्मलेल्या ग्रंथीकर्करोगात ते बहुधा उमटतात, बाहेरून आलेल्यात बहुधा उमटत नाहीत. "बहुधा" हा शब्द महत्त्वाचा. म्हणून शेवटचा निकाल रुग्णाच्या तपासणीतून लागतो: स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी, छाती-पोटाचे स्कॅन, गरजेप्रमाणे आतड्याची दुर्बीण. जांघेतल्या पॅजेटमध्येही गुदाशय आणि मूत्राशय तपासावे लागतात, कारण कधी तिथला कर्करोग वर त्वचेपर्यंत पोचलेला असतो.

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. त्वचेतच जन्मलेली गाठ बाहेरून पसरलेली ठरवली, तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा माणूस शेवटच्या टप्प्याचा रुग्ण ठरतो. उलट चूक झाली, तर त्वचेवरची गाठ काढून सगळे समाधान मानतात आणि मूळ आजार आत वाढत राहतो. पोरोकार्सिनोमा साधारण पाचव्या हिश्शाच्या रुग्णांत लसिकाग्रंथींपर्यंत जातो, आणि तिथे गेल्यावर धोका झपाट्याने वाढतो. त्याआधी निरोगी कडेसह पूर्ण काढला, तर बऱ्याच जणांत तेवढ्यावर भागते.

खानोलकरांचा धडा

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे होती. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात भारतीय सवयींशी जोडलेले तीन कर्करोग दाखवले. त्यांतला एक कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचणीतून होणारा त्वचेचा कर्करोग होता. काचपट्टीवर धोतर दिसत नाही. रुग्ण काय नेसतो, कुठे बांधतो, किती वर्षे बांधतो हे कोणीतरी विचारले म्हणून ते कळले. निदान काचेवर लिहिले जात असले तरी त्याचा अर्धा मजकूर रुग्णाच्या तोंडून येतो, हा त्यातला धडा.

आज आपल्या प्रयोगशाळांत येणाऱ्या कित्येक नमुन्यांच्या अर्जावर एवढेच असते: "गाठ, पाय, तपासणीसाठी." वय नाही, किती वर्षांची ते नाही, आधी कापली होती का ते नाही, स्तनाचा किंवा आतड्याचा आजार झाला होता का ते नाही. हा कोरा अर्ज म्हणजे निम्मे निदान वाटेतच सांडणे.

यवतमाळची साखळी

यवतमाळ जिल्ह्याचे तालुके सोळा. यवतमाळमध्ये १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथे मोठी शिक्षण रुग्णालये आहेत. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ पडते. म्हणजे वाट नाही असे म्हणता येत नाही. वाटेवर गाठ हरवते, हे दुखणे आहे.

ती पहिल्यांदा हरवते घरातच. चुना आणि सोडा लावून चामखीळ जाळण्याची रीत अजून आहे. त्यात गाठीचा वरचा भाग जातो आणि मुळे राहतात. दुसऱ्यांदा हरवते लहान शस्त्रक्रियेच्या खोलीत. "साधीच होती" म्हणून काढलेली गाठ कचऱ्यात जाते. वर्षाने ती परत आली तर पहिली काय होती, हे कोणालाच सांगता येत नाही. तिसऱ्यांदा हरवते बाटलीत. फॉर्मॅलिन नाही म्हणून सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा प्रवासात कुजतो. दहा टक्क्यांचे फॉर्मॅलिन, तुकड्याच्या किमान दहापट, रुंद तोंडाच्या बाटलीत, एवढीच ही गरज आहे. चौथ्यांदा हरवते कपाटात. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, तो ब्लॉक प्रयोगशाळेत राहतो आणि रुग्ण नुसता कागद घेऊन नागपूरला जातो. तिथे पुढचे रंग करायला ब्लॉकच लागतो. मग पुन्हा बायोप्सी, पुन्हा एसटीचे भाडे, पुन्हा बुडालेली मजुरी. वेचणीच्या दिवसांत असे दोन-तीन दिवस बुडाले की कित्येक जण पुढची फेरीच करत नाहीत.

यांतली कोणतीही गळती बंद करायला नवे यंत्र लागत नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभे राहिले आणि देशभरची कर्करोग केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. अवघड स्लाइडवर दुसरे मत घेणे आज पूर्वीइतके कठीण नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि रेडिएशन येतात, पण उपचार मंजूर व्हायला बायोप्सीचा अहवाल लागतो. म्हणजे गरीब रुग्णासाठी तो लहानसा तुकडा निदानाचा पुरावा आहे, तसाच मोफत उपचारांचा परवानाही आहे.

निष्कर्ष

सत्तर वर्षांच्या अभ्यासाचे सार थोडक्यात सांगता येते. घामग्रंथींचे कर्करोग नजरेने ओळखता येत नाहीत. वरवरच्या तुकड्यात ते फसवतात, एका रंगाने ते सिद्ध होत नाहीत, आणि शरीरात दुसरीकडे मूळ नाही हे तपासल्याशिवाय त्यांच्यावर शिक्का मारता येत नाही. खोल बायोप्सी, पूर्ण माहिती, योग्य रंगांचा संच आणि सगळ्या शरीराची तपासणी, या चारांचा मेळ बसला तरच निदान पक्के होते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी पूर्णपणे जिल्ह्याच्या हातात आहेत, आणि त्या चुकल्या तर पुढच्या दोन कितीही चांगल्या असल्या तरी उपयोगाच्या नाहीत.

डॉक्टरांना विनंती एवढीच: काढलेली एकही गाठ टाकून देऊ नका. ती लहान असो, साधी वाटो, फॉर्मॅलिनमध्ये घाला आणि अर्जावर चार ओळी लिहा. आणि वाचकहो, तुमच्या किंवा घरच्या कोणाच्या अंगावरची गाठ काढली जाईल तेव्हा डॉक्टरांना विचारा, "तपासणीला पाठवली का?" अहवाल जपून ठेवा. मोठ्या रुग्णालयात जाताना स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. तुकडा तुमच्या शरीराचा आहे, तो मागताना संकोच करू नका.